जिभेला जागा

नत्थूजी निनावेला काळजी करायला कारण लागत नसे. संध्याकाळी कॉलेजातून निघाला की फाटकापासून तो एकदा तरी मागे फिरायचा, खोलीचं कुलूप ओढून पाहायला. कुलूप लागलेलंच असायचं. मग आज आपण मागे फिरलो नसतो आणि नेमकं आजच ते उघडं राहिलं असतं तर, या विचारात तांडापेठेतल्या घरापर्यंतचा सगळा रस्ता जायचा. गल्लीतले लोक त्याला हसत, आणि तोही त्यांच्याबरोबर हसे, पण मागे फिरायचं काही सोडत नसे.

बाप कोष्टी, आजा कोष्टी. घरात दोन माग होते आणि नत्थूजीच्या हातची लुगड्याची किनार इतवारीतले दुकानदार मागून नेत. पण लढाईनंतर सुताला कंट्रोल लागलं, माग महिना महिना रिकामे राहू लागले, तेव्हा अठ्ठेचाळीस साली त्यानं मागाच्या खड्ड्यातून पाय वर काढले आणि नव्या डाक्टरी कॉलेजात शिपायाची नोकरी धरली. आईला, म्हणजे सखूबाईला सांगितलं, ‘हपीसात लागलो.’ सखूबाईनं गल्लीभर गूळ वाटला.

हपीस कॉलेजात होतं, एवढं खरं. नत्थूजी मात्र त्याच्या दोन इमारती पलीकडे, शरीररचना शिकवणाऱ्या विभागात होता. तिथं एका लांब खोलीत भिंतीला फळ्या होत्या आणि फळ्यांवर एकशे बारा काचेच्या बरण्या. बरण्यांत औषधाच्या पाण्यात ठेवलेली, न जन्मलेली किंवा जन्मून लगेच गेलेली लेकरं. कुणाचा ओठ नाकापर्यंत फाटलेला, कुणाच्या मानेला भोकं, कुणाला कवटीच नाही. बरण्या पुसायच्या, पाणी उतरलं की भरायचं, चिठ्ठ्या सरळ लावायच्या आणि साहेबांनी नंबर सांगितला की ती बरणी जपून वर्गात न्यायची, हे त्याचं काम. पहिले पंधरा दिवस त्याला जेवण गेलं नाही. मग सवय झाली. सवय होते याचीच त्याला नंतर भीती वाटू लागली.

घरी हे सांगणं शक्य नव्हतं. सखूबाई सोवळ्याओवळ्याची कडक, मेलेल्याला शिवून आलेल्या माणसाला ती चुलीपाशी येऊ देत नसे. रोज शिवून येणाऱ्याचं तिनं काय केलं असतं, देव जाणे. बायकोलाही त्यानं सांगितलं नाही. आधी सांगायचं राहिलं, आणि एकदा राहिलेलं सांगणं मग फार अवघड होऊन बसतं.

विभागाचे मुख्य होते डॉक्टर मुकुंद बक्षी. महाल भागातले, भोसल्यांच्या वेळेपासून नागपुरात मुरलेल्या घराण्यातले. शिकवायला लागले की कोटाच्या बाह्या खडूनं पांढऱ्या व्हायच्या. ते इंग्रजीत शिकवत. नत्थूजीला इंग्रजी येत नव्हतं. पण धडे दरवर्षी तेच, आणि साहेब तोंडापेक्षा हातांनी जास्त बोलत. बरणी धरून कोपऱ्यात उभं राहून सात वर्षांत नत्थूजीला बरंच कळलं होतं. माणसाचा चेहरा एका तुकड्यात येत नाही, हे त्याला कळलं होतं. कपाळाचा तुकडा वरून उतरतो, गालांचे दोन बाजूंनी सरकत येतात, जबडा खालून येतो, आणि ठरल्या वेळी ते एकमेकांना गाठून सांधतात. वेळ चुकली की फट राहते. कोष्ट्याला सांध म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही.

टाळूच्या धड्यासाठी साहेबांनी कागदाच्या लगद्याचं एक डोकं करून घेतलं होतं, घागरीएवढं, एक गाल कापलेलं, म्हणजे तोंडाच्या आतलं दिसावं. आत बिजागरीवर टिनाचे दोन पत्रे आणि मध्ये लाल फलाटणीची जीभ. ती जीभ नत्थूजीनंच शिवली होती, आत सुताचा भुगा भरून. साहेब दाखवायचे की सुरुवातीला पोटातल्या लेकराची जीभ उंच असते आणि टाळूचे दोन पडदे तिच्या दोन बाजूंना खाली लोंबत असतात. मग जबडा वाढतो, जीभ खाली उतरते, पडद्यांना जागा होते आणि ते वर उचलून मधोमध भेटतात. जबडा आखूडच राहिला तर जीभ तशीच वर अडकते आणि टाळूला भोक राहतं. धडा चांगला होता, फक्त जीभ जरा जाड शिवली गेली होती. डोकं सरळ उभं असताना ती खाली उतरतच नसे. मग साहेब वैतागून ते अख्खं डोकं टेबलावर पालथं करत आणि मागून थापटत. जीभ पुढे पडे, पत्रे खटकन् मिटत आणि पोरं हसत.

नत्थूजी हसत नसे. त्यानं सात वर्षं हे पाहिलं आणि मनाशी एक गोष्ट पक्की केली. डोकं पालथं केलं की जीभ उतरते, आणि जीभ उतरली की टाळू जुळते. ही चूक आहे हे त्याला कोणी सांगितलं नाही, कारण त्यानं कोणाला विचारलंच नाही.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. पुष्पलता उमरेडच्या कोष्ट्यांची, कमी बोलणारी, हाताला चपळ. पंचावन्नच्या उन्हाळ्यात तिला दिवस गेल्याचं नक्की झालं तेव्हा सखूबाईनं देवापुढे नारळ फोडला आणि नत्थूजीची झोप उडाली. आपले डोळे रोज काय पाहतात आणि तेच डोळे घेऊन आपण घरी येतो, हे त्याच्या मनातून जाईना. सगळ्यांत जास्त भीती त्याला एक्केचाळीस नंबरची. त्या बरणीतल्या लेकराला हनवटीच नव्हती. ती बरणी तो आता डोळे मिटून पुसू लागला, आणि एकदा हातातून निसटता निसटता वाचली तेव्हा साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

“साहेब, मले दुसऱ्या खोलीत टाका.”

“का हो, नत्थूजी?”

“वास सहन होत नाही.”

“सात वर्षांनी?” म्हणत बक्षीसाहेब हसले आणि पुन्हा वहीत पाहू लागले. विषय तिथंच संपला.

जूनमध्ये सूर्यग्रहण आलं. सखूबाईनं सुनेला वेध लागल्यापासून आतल्या खोलीत बसवलं. काही कापायचं नाही, दुमडायचं नाही, चिरायचं नाही. नत्थूजीनं त्या दिवशी रजा घेतली आणि दाराबाहेर पहारा दिला. ग्रहण सुटलं तेव्हा त्याला वाटलं, चला, एक घाट तर उतरला.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. देवकी सुइणीनं बाहेर येऊन ‘लक्ष्मी आली’ म्हटलं, पण म्हणताना नत्थूजीकडे पाहिलं नाही. आत जाऊन त्यानं फडक्यात गुंडाळलेलं तोंड पाहिलं. नाक छान होतं, कपाळ पुष्पलताचं होतं, आणि खालचा ओठ संपला की लगेच गळाच सुरू होत होता. हनवटीच्या जागी नुसती एक लहानशी घडी. नत्थूजी भिंत धरून खाली बसला. हे तोंड त्यानं सात वर्षं पुसलं होतं.

पोर छातीला लागेना. ओठ लावी, चोखायला जाई आणि दूध नाकातून बाहेर येई. देवकीनं करंगळी तोंडात घालून पाहिली.

“टाळू नाई वं, सखूबाई. भोक हाये वरतं.”

सखूबाई सुनेकडे वळली. “काय केलं होतंस तू? गिरानात काय केलं होतंस?”

पुष्पलताचा चेहरा पांढरा पडला होता. “बसलीच होती, मामीजी. फक्त... कांडीचा दोरा बांगडीत अडकला होता. सवयीनं दातानं तोडला.”

“दातानं!” सखूबाईनं कपाळावर हात मारला. “दातानं तोडशीन तं लेकराचा जबडा कायचा राहीन! खाल्लास वं, पोटच्या पोरीचा जबडा खाल्लास!”

पुष्पलता खाली मान घालून ऐकत राहिली. नत्थूजी दारात उभा होता. त्याला फक्त एवढंच म्हणायचं होतं की माय, दोष दोऱ्याचा नाही, माझ्या डोळ्यांचा आहे. शब्द ओठांपर्यंत आले आणि त्यानं ते गिळले. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

दोन दिवस कापसाच्या बोळ्यानं आणि बोंडल्यानं दूध पाजलं. जितकं आत जाई तितकंच बाहेर येई. श्वास घेताना पोरीच्या गळ्याखाली खड्डा पडे आणि घुरघुर असा आवाज होई. तिसऱ्या दिवशी, जेवणं झाली असतील नसतील, तोवर गोधडीवर उताणी निजवलेली पोर गप्प झाली. नत्थूजी पाहत होता म्हणून त्याला दिसलं. छाती हलत होती, हवा जात नव्हती. ओठ जांभळे झाले, मग नखं. उघड्या तोंडात जीभ मागे घशात जाऊन बसली होती, त्या फलाटणीच्या जिभेसारखी घट्ट.

त्यानं विचार केला नाही. पोर उचलली, हातावर पालथी घातली, कपाळ तळव्यावर घेतलं आणि मागून हलकं थापटलं. जीभ पुढे आली. पोरीनं एक लांब श्वास ओढला आणि रडली.

“काय करून राह्यला गा!” सखूबाई धावत आली. “लेकराले मातीकडं तोंड करून निजवतेत का? आन इकडं!” तिनं पोर हिसकून घेतली आणि पुन्हा उताणी ठेवली. दहा श्वासांत ओठ पुन्हा जांभळे. नत्थूजीनं पुन्हा उचलून पालथी केली. पुन्हा श्वास आला.

“माय,” तो म्हणाला, “तू तिले हात लावू नोको.”

असं तो जन्मात आईशी बोलला नव्हता. सखूबाई थक्क होऊन त्याच्याकडे पाहत राहिली. “कोनं शिकोलं तुले हे?”

“हपीसात.”

“हपीसात लेकरं असते का गा?”

नत्थूजी पोरीच्या तोंडापाशी वाकून श्वास ऐकत राहिला. तिला पालथी ठेवून आणि थेंबाथेंबानं दूध पाजून दुसरा दिवस उजाडला. आता तिला कोणाच्या भरवशावर सोडून जायचं, हा प्रश्न होता. त्यानं पुष्पलताचा हात धरला. “कोनं कितीबी म्हणू दे, सरळ करू नोको. मी आलोच.” आणि तो सायकल काढून निघाला. वाटेत पाच वेळा त्याला मागे फिरावंसं वाटलं, पण त्या दिवशी तो एकदाही फिरला नाही.

बक्षीसाहेब वर्गात चालले होते. नत्थूजी समोर जाऊन उभा राहिला आणि भडाभडा बोलू लागला, “साहेब, एक्केचाळीस नंबर माह्या घरी जन्माले आला. जीभ वर अडकली हाये. मी पालथी करून ठेवली. टाळू किती दिवसात जुळते?”

साहेबांना पहिल्यांदा काही कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी हातातला खडू खिडकीत ठेवला, वर्ग सोडून दिला आणि स्वतःची सायकल काढली.

तांडापेठेत डॉक्टर आला म्हणून दारात बायका जमल्या. साहेबांनी घोंगडीवर बसून पोरीला तपासलं. उताणी करून पाहिली, लगेच पालथी केली. चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबून टाळू पाहिली. मग चष्मा काढून पुसत बसले.

“मी बाळांचा डॉक्टर नाही, बाई,” ते सखूबाईला म्हणाले. “लहान मुलांच्या डॉक्टरांना मी आजच दाखवतो. पण तेही हेच सांगतील. ही पोर आज जिवंत आहे ती तुमच्या मुलामुळे. पालथी ठेवली म्हणून जीभ पुढे पडते आणि श्वासाला वाट मिळते. माझ्या हुशार विद्यार्थ्यांना सुचलं नसतं. सात वर्षं माझ्या बरण्या सांभाळल्या, त्याचं चीज झालं.”

नत्थूजीनं डोळे मिटले.

“कायच्या बरण्या?” सखूबाईनं विचारलं. “लोणच्याच्या?”

साहेबांनी नत्थूजीच्या तोंडाकडे पाहिलं आणि आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या लक्षात आलं. पण आता इलाज नव्हता. नत्थूजीनंच सांगितलं. खाली पाहून, अडखळत, सगळं. बरण्यांत काय असतं, आपण काय पुसतो, एक्केचाळीस नंबर कसा दिसतो. “दोष हिचा नाही, माय. गिरानाचा नाही, दोऱ्याचा नाही. रोज पाह्यत होतो मी. माह्या डोयातून आलं हे.”

दारातल्या बायका एक पाऊल मागे सरकल्या.

“नत्थूजी,” साहेब जरा चिडूनच म्हणाले, “पाहण्यानं असं होत असतं तर माझी चार मुलं कशी असती? मी वीस वर्षं पाहतो आहे.” मग ते पुष्पलताकडे वळले. “आणि ग्रहणाचं कोण म्हणतं? ग्रहण लागलं जूनच्या विसाव्या तारखेला, तेव्हा पाचवा महिना. टाळू सांधते तिसरा महिना संपायच्या आत. मार्च-एप्रिल. म्हणजे गुढीपाडव्याच्या सुमाराला. तेव्हा हिचं डोकं चिंचोक्याहून थोडं मोठं असेल.”

“पाडव्याले?” पुष्पलता पहिल्यांदाच बोलली. “पाडव्याले तं मले माहीत बी नवतं, हे हाये म्हून.” ती आठवू लागली, पाडव्याला काय खाल्लं, काय उचललं, कुठं गेली. तिच्या कपाळावर आठ्या चढल्या.

“आता पाडवा शोधू नका,” साहेब मऊपणानं म्हणाले. “जबडा वेळेवर वाढला नाही. का वाढला नाही, ते मला माहीत नाही. जगात कोणालाच नीटसं माहीत नाही.”

नत्थूजीनं मधेच विचारलं, “आन टाळू? पालथी ठेवली तं जुळते नं?”

साहेबांना त्या कागदी डोक्याची आठवण झाली, तसं त्यांच्या ओठांवर हसू आलं आणि लगेच गेलं. “नाही, नत्थूजी. ते डोकं मी पालथं करायचो, कारण तुमची जीभ जाड झाली होती. पोटात तसं काही होत नाही. आणि सांधायची वेळ आता गेली. ती टाळू शिवावी लागेल, दीड-दोन वर्षांची झाली की. पण त्याच्या आधी ती तेवढी जगली पाहिजे. पहिले तीन महिने कठीण. जबडा हळूहळू वाढेल आणि जिभेला जागा होईल. तोवर एक क्षण कोणाची नजर हलता कामा नये. दूध पाजताना बसती धरायची, डोकं किंचित पुढे.”

नत्थूजीला वाटत होतं, आपल्याला आठवडाभराचं काम आहे. ते तीन महिन्यांचं निघालं आणि शेवटी शिवणं होतंच. त्याला रडू फुटलं. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खडूचा ठसा त्याच्या सदऱ्यावर उमटला.

सखूबाईनं त्या दिवसापासून मुलाचं ताट ओसरीवर मांडलं. बोलली नाही, भांडली नाही, नुसतं ताट बाहेर ठेवलं. पोरीकडे तर ती फिरकतही नसे. पालथ्या नातीवर नजर पडली की पदर तोंडाशी धरून मागल्या अंगणात निघून जाई. लोक म्हणत, बुढी फार कठोर आहे. नत्थूजीलाही तसंच वाटू लागलं.

एकदा दूध पाजताना पुष्पलता म्हणाली, “मले बरण्या ठाऊक होत्या.”

“कवा?”

“तीन वर्सं झाले. तुमी डबा इसरले होते, तो द्याले आली होती मी. खिडकीतून पाह्यलं. एक बरणी पुसून राह्यले होते तुमी, आन तिच्याशी बोलून राह्यले होते. ‘सरक बापू’ म्हणत होते.”

“मंग माय तुले दोऱ्यावरून बोलत होती, तवा काहून नाई सांगितलं?”

“सांगून तुमाले घराबाहेर काढवू काय? मले काय, बोलणं खायाची सवय हाये.” आणि ती पुन्हा बोंडल्याच्या टोकाकडे पाहू लागली, कारण पोरीचा घोट अडकला होता.

बाराव्या दिवशी बारसं झालं. नाव ठेवलं तारा. पाळण्यातही तिला पालथीच निजवली; गल्लीतल्या बायकांनी तिच्या पाठीकडे पाहत पाळणा म्हटला, दोन कडवी म्हणून थांबल्या आणि घुगऱ्या घेऊन लवकर घरी गेल्या. नत्थूजीचं लक्ष गाण्याकडे नव्हतं. तो पाठीचं वर-खाली होणं मोजत होता.

त्यानंतरचे दिवस सगळे एकासारखे एक गेले. तो कामावर असेपर्यंत पुष्पलता बसे, तो आला की तो बसे. दोनदा तारा निळी झाली आणि दोनदा परत आली. लहान मुलांच्या डॉक्टरांनीही पालथीच ठेवायला सांगितलं होतं, आणि साहेबांनी दर आठवड्याला वाण्याच्या तराजूत तिला तोलायला. पहिले तीन आठवडे वजन उतरलं, चौथ्यात थांबलं, पाचव्यात छटाकभर वाढलं. नत्थूजीनं वाण्याला तीन वेळा तोलायला लावलं, तेव्हा वाणी म्हणाला, “आता तराजूले तरी इश्वास ठेव गा.” पुष्पलता मात्र वाळत चालली होती. उभ्या उभ्या तिचे डोळे मिटत. तिसरं माणूस हवं होतं आणि घरात तिसरं माणूस होतं, पण त्याला सांगायची नत्थूजीची छाती नव्हती.

सहाव्या आठवड्यातल्या शनिवारी कॉलेज अर्ध्या दिवसानं सुटलं. तो घरी आला तर दारातूनच त्याला दिसलं की पुष्पलता भिंतीला टेकून झोपली आहे, तोंड उघडं, हात जमिनीवर. आणि तारापाशी सखूबाई बसली आहे. हिनं सरळ केली असेल, किती वेळ झाला असेल, या विचारानं त्याला उंबरठा ओलांडवेना.

पोर पालथीच होती. सखूबाईचा एक हात तिच्या पाठीवर होता आणि दुसऱ्या हाताचं बोट गालाखालून घालून तिनं तो इवलासा जबडा अलगद पुढे धरला होता. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

“बस,” ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली. “आवाज नोको करू. सून आत्ताच झोपली.”

तो बसला. बराच वेळ दोघं पोरीचा श्वास ऐकत राहिले.

“तुह्या आंधी एक पोर होती, नत्थू.”

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. आईला आपल्याशिवाय मूल झालं होतं हे त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

“अकरा दिवस होती. नाव बी नाई ठेवलं. तिले बी हनवटी नवती. दूध असंच नाकातून ये. असाच आवाज करे.” सखूबाईचा आवाज सपाट होता, शेजारणीची गोष्ट सांगावी तसा. “माही सासू म्हणे, तू गिरानात इळा हाती घेतला. मले तं आठवत बी नवतं, घेतला होता का नाई. पण म्या कबूल केलं.”

नत्थूजी जरा जवळ सरकला.

“उताणीच निजवत होती मी तिले,” ती म्हणाली. “सगळ्याईचं लेकरू उताणंच निजते. कोनं सांगितलंच नाई.” ती थांबली. तारानं सुस्कारा सोडला, आणि सखूबाईनं बोट जरा हलवून पुन्हा नीट धरलं. “मले एक सांग. तू सात वर्सं आयकलं हाये त्या सायेबाचं. पालथी निजवली असती, तं जगली असती का गा थे?”

उत्तर नत्थूजीला माहीत होतं. समोर ते उत्तर श्वास घेत होतं. आयुष्यभर लहानसहान गोष्टी लपवत आलेला तो माणूस, पण या वेळी जेवढा विचार करून बोलला तेवढा कधी बोलला नसेल.

“नाई, माय,” तो म्हणाला. “तिले आणखी काही असन. आतून असन. इतकं लेकरू निसतं पालथं केल्यानं वाचत नाई.”

सखूबाईनं मान हलवली. तिचे डोळे पोरीच्या पाठीवरच होते, वर-खाली, वर-खाली. मग ती हळूच म्हणाली, “मंग सायेबाले नोको इचारू.”

“नाई इचारत,” नत्थूजी म्हणाला.

“जा, हातपाय धुऊन ये. चुलीपाशी भाकर झाकून ठेवली हाये, तिथंच बसून खा. मी हाये इथं.”